वाचकाची निष्ठा मागून मिळत नाही

माननीय संपादक महोदय,

नवे पुस्तक येऊ घातले की लेखकाने त्याची प्रसिद्धी कशी करावी, याविषयीचे सल्ले अलीकडे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतूनही सर्रास वाचायला मिळतात. मुखपृष्ठ केव्हा उघड करावे, पूर्वनोंदणीची मुदत किती ठेवावी, वाचकांकडून अभिप्राय आणि तारे कसे मिळवावेत, अशा सूचनांची त्यांत रेलचेल असते. त्यांत वावगे काही नाही. पुस्तक निघाल्याचे कळलेच नाही तर ते घेणार कोण? मात्र हाच मजकूर ‘एकनिष्ठ वाचकवर्ग कसा घडवावा’ अशा मथळ्याखाली येतो, तेव्हा ग्राहक मिळवणे आणि वाचक जोडणे या दोन गोष्टींची गल्लत होते. त्यासाठी हा पत्रप्रपंच.

लेखक आणि वाचक यांचे नाते मुळातच विषम असते. वाचक एखाद्या लेखकाच्या सहवासात कित्येक रात्री काढतो, त्याची वाक्ये उठताबसता आठवतो, क्वचित आपल्या आयुष्यातल्या कठीण काळात त्याच्याच पुस्तकाचा आधार घेतो. लेखकाच्या लेखी मात्र तो गर्दीतला एक चेहरा असतो, किंवा तेवढाही नसतो. त्यामुळे दोघांची गाठ पडते त्या मोजक्या क्षणी लेखक कसा वागतो, याला फार वजन येते. एका स्वाक्षरीच्या कार्यक्रमात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. रांगेतल्या एका बाईंच्या हातात नवे पुस्तक नव्हते. त्याच लेखिकेची एक जुनी, कणा उसवलेली प्रत होती. फक्त नव्या पुस्तकावरच सही मिळेल, असे आयोजकांनी त्यांना जरा तुटकपणेच सांगितले. लेखिकेने ते ऐकले, हात पुढे करून प्रत मागून घेतली, पाने उलटता उलटता पेन्सिलीने खुणा केलेल्या एका परिच्छेदापाशी ती थांबली आणि तिने विचारले, “हेच का?” पुढे दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आले नाही. रांग थोडी रेंगाळली, आयोजक घड्याळाकडे पाहत राहिले, पण मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणी कुरकुर केल्याचे मला दिसले नाही.

सौजन्य तुलनेने सोपे. खरी परीक्षा वाचक नाराज होतो तेव्हा असते. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांचे उदाहरण या बाबतीत मला फार मोलाचे वाटते. १८६३ मध्ये एलायझा डेव्हिस या ज्यू वाचक बाईंनी त्यांना पत्र लिहून ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या त्यांच्या कादंबरीतल्या फेगिन या ज्यू खलपात्राच्या चित्रणाने आपल्या समाजावर अन्याय झाल्याचे स्पष्टपणे कळवले. डिकन्स यांचे पहिले उत्तर, कोणत्याही लेखकाचे असावे तसेच, स्वतःची बाजू मांडणारे होते. परंतु विषय तिथेच मिटला नाही. १८६४-६५ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये त्यांनी रायाह हे सहृदय ज्यू पात्र आणले, आणि १८६७ च्या आवृत्तीत ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या उत्तरार्धात फेगिनचा उल्लेख जिथे केवळ ‘ज्यू’ असा होता, तिथे बहुतेक ठिकाणी तो बदलला. डेव्हिसबाईंनी पुढे त्यांना हिब्रू बायबलची प्रत भेट दिली. रायाह हे पात्र कलादृष्ट्या फिकेच उतरले असे माझे मत आहे. फेगिन लक्षात राहतो, रायाह राहत नाही. पण कीर्तीच्या शिखरावर असलेला लेखक एका अनोळखी वाचकाच्या तक्रारीपायी पंचवीसहून अधिक वर्षे जुन्या, तुफान खपलेल्या पुस्तकावर पुन्हा लेखणी चालवतो, ही गोष्ट आजच्या लेखकांनी मनावर घ्यावी अशी आहे. आज प्रतिकूल अभिप्राय दिसला की त्याखाली खुलासे करणारे, चाहत्यांना त्या अभिप्रायकर्त्यावर सोडणारे लेखक आपण पाहतो.

याचा अर्थ वाचक म्हणेल ते लेखकाने लिहावे असा मुळीच नाही. अमेरिकन लेखिका लुईसा मे ऑल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’ या कादंबरीचा पहिला भाग १८६८ मध्ये आला, तेव्हा नायिका जो हिचे लग्न तिचा शेजारी मित्र लॉरी याच्याशीच व्हावे असा मुलींच्या पत्रांचा आग्रह सुरू झाला. कुणाला खूश करण्यासाठी आपण ते लग्न लावणार नाही, अशी नोंद ऑल्कॉट यांनी दैनंदिनीत केली आणि पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात ती पाळली. वाचक हळहळले, अजूनही हळहळतात, पण त्यांनी ते पुस्तक सोडलेले नाही. डेव्हिसबाईंची तक्रार न्यायाविषयी होती, मुलींचा आग्रह आवडीविषयी. हा फरक ओळखता येणे हेच लेखकाचे कसब. हातखंडा साचा पुन्हा पुन्हा गिरवून वाचकाची मर्जी सांभाळणाऱ्या लेखकाला खप मिळतो, पण त्याने आपल्याला गृहीत धरले आहे हे वाचकाला फार लवकर कळते.

गृहीत धरण्याचा दुसरा प्रकार ई-पत्रांचा. वाचकांचे पत्ते गोळा करून त्यांना थेट पत्र पाठवण्याची सोय लेखकांना आज आहे आणि ती उत्तम आहे. पण वर्षभर मौन आणि पुस्तक आले की आठवड्यात चार पत्रे, त्यांत सवलत, दुवा आणि ‘अभिप्राय नक्की टाका’ ही विनंती, हा क्रम पाहिला की गरज सरो वैद्य मरो ही म्हण आठवते. त्याउलट अधूनमधून एखादेच पत्र यावे, त्यात सध्या चाललेल्या लेखनातली अडचण असावी, दुसऱ्या कुणाच्या वाचलेल्या पुस्तकाविषयी चार ओळी असाव्यात, रखडलेल्या मालिकेचा पुढचा भाग का रखडला हे सरळ सांगितलेले असावे. अशा पत्राची वाचक वाट पाहतो.

राहता राहिला उत्तरांचा प्रश्न. प्रत्येक पत्राला उत्तर देणे लोकप्रिय लेखकाला अशक्य आहे, हे समंजस वाचक जाणतो. मुलांसाठी ‘नार्निया’च्या कथा लिहिणारे सी. एस. लुईस यांच्यासारखा लेखक मुलांच्या पत्रांनाही निष्ठेने उत्तरे देत असे, पण ते ओझे पेलताना टंकलेखनासाठी त्यांनाही भावाची मदत घ्यावी लागे. उत्तर दोन ओळींचे असले, उशिरा आले तरी चालते. ते त्या पत्राला दिलेले उत्तर असावे, एवढीच अपेक्षा असते. सहायकाने किंवा यंत्राने लिहिलेला जिव्हाळ्याचा मजकूर लेखकाच्या नावाने पाठवणे मला तरी फसवणूक वाटते. त्यापेक्षा ‘सर्व पत्रे वाचतो, उत्तरे मोजकीच देऊ शकतो’ असे आधीच जाहीर केलेले बरे.

या संदर्भात प्रकाशकांना आपल्या स्तंभातून एक सुचवावेसे वाटते. प्रत्येक पुस्तकाच्या श्रेयनामावलीच्या पानावर वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी चालू पत्ता छापावा, तिथे आलेली पत्रे लेखकापर्यंत खरोखर पोहोचवावीत, आणि वाचकांनी दाखवलेल्या चुका पुढील आवृत्तीत दुरुस्त करताना, त्यांची संमती असल्यास, नावानिशी त्यांचे ऋण मान्य करावे. नव्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात छपाईदारापासून मुखपृष्ठकारापर्यंत सर्वांचे आभार असतात. तिथे आणखी चार नावांना जागा करणे अवघड नाही.

आपला,
एक नियमित वाचक