काडी ओढण्याआधी पाचटाचा हिशेब

महोदय,

उसाचे फड रिकामे होऊ लागले की वाळवा, पलूस, कराड भागात दिवस मावळताना एखाद्या तरी रानात पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेला उसाचा वाळका पाला, पेटलेले दिसते. थंडीत धूर वर चढत नाही, कृष्णाकाठच्या गावांवर सकाळपर्यंत पसरून राहतो. पंजाबातल्या पराळीने, म्हणजे भाताचे काड जाळण्याने, दिल्ली गुदमरली की आपण टीव्हीसमोर हळहळतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच रानात काडी ओढतो. धुराबद्दल निदान कुरकुर तरी होते. रानातून काय गेले, ते मात्र कोणी मोजत नाही.

एक एकर ऊस तुटला की 3 ते 4 टन पाचट पडते. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे 4 टनांत 20 किलो. युरियात 46 टक्के नत्र धरले तर हे जवळजवळ 45 किलोचे एक पोते झाले. ते आणि टनभराहून जास्त सेंद्रिय कर्ब, दोन्ही घटकाभरात हवेत जाते. ‘राखेचे खत होते की’ म्हणणाऱ्यांचे निम्मेच खरे आहे. पालाश (पोटॅश) राखेत उरते, पण वारा सुटला की तीही राख शेजाऱ्याच्या रानात. शिवाय जाळाने बुडख्यावरचे, म्हणजे तोडणीनंतर उरलेल्या खुंटावरचे, डोळे (कोंब) भाजतात, खोडव्यात, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात, तुटाळ पडते आणि मग त्या रिकाम्या जागी पिशवीतली रोपे विकत आणून नांग्या भरत बसावे लागते. वरच्या थरातली गांडुळे मरतात, बांधावरच्या आंब्याची साल एका अंगाने पोळते.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे क्षारपड, क्षार साचून नापीक होणारी जमीन. जास्त पाणी दिल्याने जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते. उघड्या रानातून पाण्याची वाफ होते तेव्हा ते पाणी खालचे क्षार वर ओढून आणते आणि वाफ गेल्यावर क्षार पृष्ठभागावर बसतात. पाचटाच्या आच्छादनाने वाफ कमी होते, पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात आणि दोन्ही कारणांना एकदम लगाम बसतो. रान पांढरे पडल्यावर चर खोदून जमिनीत पाइप टाकायचा खर्च ज्यांनी काढला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मग लोक पाचट का पेटवतात? ‘ठेवून बघितले, खोडवा पिवळा पडला’, हे ठरलेले उत्तर. पिवळा पडतो हे खरे आहे. पाचटात नत्राच्या साठ-सत्तरपट कर्ब असतो. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागते, पाचटात ते पुरेसे मिळत नाही, म्हणून ते जमिनीतले उचलतात आणि ऊस उपाशी राहतो. म्हणून पाचट पसरल्यावर त्यावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक 4 किलो टाकायचे असते. संवर्धक चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून फेकावे, युरियात कालवू नये. लगेच पाणी द्यावे, नाहीतर वर पडलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. पुढे पाचट पायाने तुडवून मातीला चिकटवावे. अधांतरी राहिलेले पाचट महिनोन्‌महिने तसेच वाळत पडते. नीट केलेले साडेतीन-चार महिन्यांत कुजते.

दुसरी चूक बुडख्यांची. उंच राहिलेल्या बुडख्यावरचे डोळे जमिनीच्या वर फुटतात, त्यांची मुळे मातीत नीट उतरत नाहीत आणि ते फुटवे पुढे मरतात. तोडणीनंतर आठवड्याच्या आत धारदार कोयत्याने बुडखे जमिनीलगत छाटून त्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, लिटर पाण्याला 1 ग्रॅम, फवारावे. बुडख्यावर पाचट राहू देऊ नये. झाकलेला कोंब पिवळा आणि लांबुडका येतो.

तिसरी तक्रार पाणी तुंबण्याची. तीन-साडेतीन फुटी सरीत सगळीकडे पाचट भरले तर पाणी पुढे सरकत नाही, हे कोणीही कबूल करील. अशा रानात एकाआड एक सरीत पाचट दाबावे आणि मोकळ्या सरीतून पाणी सोडावे. चार-पाच फुटी पट्ट्यात ही अडचण कमी. ठिबक असेल तर नळ्या आधी उचलून पाचटावर घ्याव्यात, म्हणजे गळती दिसते. ट्रॅक्टरची कुट्टी यंत्रे चांगली आहेत, बारीक पाचट लवकर कुजते, पण दहा-वीस गुंठ्यांच्या रानाला त्यांच्यावाचून काही अडत नाही. उंदीर वाढतात हेही खरे, बिळांवर लक्ष ठेवावे लागते.

खोडव्याच्या खताची मात्रा वरच्या युरियापेक्षा वेगळी. ती पाचटावर फेकायची नसते. पहारीने बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटर अंतरावर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल, फूटभराने एक भोक घेऊन त्यात खत घालायचे आणि तोंड मातीने बुजवायचे. निम्मी मात्रा तोडणीनंतर 15 दिवसांच्या आत एका बाजूला, उरलेली 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूला. बगला फोडणे (नांगराने सरीच्या कडा फोडणे), जारवा तोडणे (जुनी मुळे तोडणे) यांतले काही करायचे नाही. नांगराच्या भाड्यात वाचलेला पैसा पहारीच्या मजुरीला पुरतो. ही पद्धत नवी नाही. 1932 पासून काम करणारे पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र सातारा जिल्ह्यातच, फलटण तालुक्यात आहे, आणि तिथली शिफारस वर्षानुवर्षे हीच आहे.

शहरातल्या वाचकांसाठी एवढेच, की सांगली-साताऱ्याच्या कॉलन्यांत झाडलोट करून पेटवलेली वाळकी पाने म्हणजे छोटे पाचटच. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनी मनाई आहे. पानांचा वीतभर थर, त्यावर शेणकाला किंवा भाजीच्या देठांचा पातळ थर आणि ओल पिळलेल्या फडक्याइतकी, एवढ्यावर खड्ड्यात खत होते. कुबट वास आला तर ओले जास्त झाले, वाळकी पाने वाढवावीत.

राहता राहिले कारखाने. तोडणी टोळ्या उंचावर कोयता चालवतात, कारण वाकायला वेळ जातो आणि पैसे टनावर मिळतात. उसाच्या तळच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त, म्हणजे रानात राहिलेले दोन-तीन इंच शेतकऱ्याचे वजन आणि कारखान्याचा साखर उतारा दोन्ही घटवतात. चिटबॉयने (तोडणीवर देखरेख करणाऱ्या कारखान्याच्या माणसाने) फडात उभे राहून एवढे पाहिले तरी बुडखे छाटायची निम्मी मजुरी वाचेल. आणि संवर्धकाच्या पिशव्या तोडणीच्या पावतीसोबत गट ऑफिसातून मिळाव्यात, मुदत न उलटलेल्या आणि सावलीत ठेवलेल्या. पत्र्याखाली तापलेल्या पिशवीतले जिवाणू मेलेले असतात. अशी पिशवी टाकून पाचट कुजले नाही, की पुढच्या वर्षी तो शेतकरी पुन्हा काडीपेटीच शोधतो.

— एक ऊस उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली