गाडी उभी करू, पण जागा कोणाची?

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅरॅव्हॅनने विदर्भ फिरण्याबद्दलचा लेख वाचला. फोटो झकास होते. गाडीतला पलंग दाखवला, शेगडी दाखवली, संडास दाखवला, टीव्हीसुद्धा दाखवला. रात्री ही गाडी उभी कुठे करायची, तेवढं मात्र लेखात कुठेच सापडलं नाही. मी ३४ वर्षं भूमी अभिलेखात भूकरमापक होतो. त्यामुळे माझी नजर पलंगावर जातच नाही, चाकाखालच्या जमिनीवर जाते.

या विषयावर लिहायला कारण आहे. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही दोघं लेकीकडे अमेरिकेतल्या ॲरिझोनात होतो. जावईबापूंनी २५ फुटी गाडी भाड्याने घेतली. तिकडे तिला आरव्ही म्हणतात. म्हणाले, "बाबा, चार रात्री वाळवंटात राहू." मी विचारलं, कोणाच्या वाळवंटात? ते हसले आणि मोबाइल माझ्या हातात दिला. त्यावर नकाशा होता, आणि तो पाहून मी खरंच खूश झालो. पिवळा, फिका निळा, हिरवा, पांढरा असे रंगाचे ठिगळ. पांढरं खाजगी. हिरवं वनखात्याचं. पिवळं बीएलएमचं, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्राच्या खात्याचं. नकाशातला रंग पाहिला की जमीन कोणाची ते कळतं, आणि जमीन कोणाची ते कळलं की नियम कळतात. मोकळ्या जागा शोधायच्या म्हणजे तिथे काही गुपित लागत नाही, रंग वाचता आले पाहिजेत.

पिवळ्या जमिनीचा नियम साधा. जिथे आधी गाड्या उभ्या राहून जमीन दबलेली आहे तिथेच थांबायचं. २८ दिवसांत १४ दिवसांपर्यंत राहता येतं, पुढे किमान २५ मैल लांब जायचं. बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत. नळ नाही, वीज नाही, कचराकुंडी नाही. ॲरिझोनात ही पिवळी जमीन सुमारे १ कोटी २२ लाख एकर आहे. आपल्या नागपूर जिल्ह्यासारखे जवळजवळ पाच जिल्हे त्यात मावतील.

पहिल्याच रात्री आमची फजिती झाली, आणि ती मीच पकडली. फिनिक्सहून पश्चिमेला आय-१० महामार्गाने निघालो, अंधार पडायच्या आत एका कच्च्या रस्त्याला वळलो. जागा छान होती, कोणी तरी आधी दगड मांडून केलेली चूलही होती. जेवण झाल्यावर मी सहज नकाशा मोठा करून पाहिला, तर आम्ही निळ्या चौकोनात!

हे निळे चौकोन असे मधेच का, ते सांगतो, कारण मोजणीवाल्याला यासारखी मेजवानी नाही. तिकडे जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत मोजलेली आहे, त्याला टाउनशिप म्हणतात. प्रत्येकाचे ३६ तुकडे, एकेक तुकडा एक चौरस मैलाचा, ६४० एकरांचा. ॲरिझोनाला राज्य करायचा कायदा १९१० साली झाला, तेव्हा प्रत्येक टाउनशिपमधले २, १६, ३२ आणि ३६ नंबरचे तुकडे मुख्यतः शाळांच्या खर्चासाठी राज्याला दिले. त्या जमिनीच्या उत्पन्नावर आजही शाळांचा हक्क आहे. म्हणून ती 'सार्वजनिक' दिसते, पण तिला ट्रस्टची जमीन म्हणतात आणि तिथे मुक्कामाला परवाना लागतो. तेव्हा एकट्याला १५ डॉलर, कुटुंबाला २० डॉलर, वर्षभरासाठी. जावईबापू म्हणाले, "बाबा, इथे कोण बघतंय?" मी म्हटलं, आयुष्यभर लोकांना हद्द दाखवली, आता स्वतःच हद्द ओलांडून झोपू काय? मोबाइलला एक काडी रेंज होती. रात्री साडेआठला त्यावरच दोन कुटुंबांचे दोन परवाने काढले आणि मग झोपलो.

आणखी एक गंमत. ती सगळी मोजणी झाली गंटरच्या ६६ फुटी साखळीने. ८० साखळ्या म्हणजे एक मैल, १० चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आपली साखळी ३३ फुटांची, आणि ३३ बाय ३३ फूट म्हणजे आपला एक गुंठा. म्हणजे त्यांच्या एका चौरस साखळीत आपले बरोबर चार गुंठे. फिनिक्सच्या पश्चिमेला, गिला आणि सॉल्ट नद्यांच्या संगमाजवळच्या एका टेकडीवरून ॲरिझोनाच्या बहुतेक जमिनीची मोजणी सुरू होते. परतताना हट्टाने तिथे गेलो. तिकडे फारसं कोणी जात नाही. आपल्या झिरो माइलच्या दगडाजवळून तरी रोज हजारो लोक जातात, न पाहता का होईना.

दुसऱ्या दिवशी क्वार्ट्झसाइटला पोचलो. छोटंसं गाव, पण हिवाळ्यात भोवतालच्या वाळवंटात नजर जाईल तिथवर गाड्याच गाड्या. थंडीच्या राज्यांतले पेन्शनर तिथे येऊन बसतात. ज्यांना १४ दिवस पुरत नाहीत त्यांच्यासाठी १९८३ पासून बीएलएमने वेगळी क्षेत्रं राखली आहेत. क्वार्ट्झसाइटजवळच्या क्षेत्राचं नाव ला पोसा. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने तिथे राहता येतं. आम्ही गेलो तेव्हा पूर्ण हंगामाचे १८० डॉलर होते, १४ दिवसांचे ४०. त्या पैशांत पिण्याचं पाणी, कचरा टाकायची सोय आणि गाडीतलं घाण पाणी सोडायची जागा मिळते. पैसे द्यायचे नसतील तर गावाच्या आसपास डोम रॉक, प्लोमोसा रोड अशी फुकटची १४ दिवसांची ठिकाणं आहेतच.

घाण पाण्याचं मुद्दाम लिहिलं. आपल्या लेखातला संडास छान होता, पण त्याची टाकी कुठे रिकामी करायची? तिकडे गाडीत तीन टाक्या असतात: चांगल्या पाण्याची, भांडी-अंघोळीच्या पाण्याची आणि संडासाची. शेवटची टाकी ठरलेल्या जागीच रिकामी होते. त्यामुळे चौथ्या दिवसाचं गणित पहिल्याच दिवशी मांडावं लागतं. आमच्या गाडीत पाणी मावायचं सुमारे दीडशे लिटर आणि माणसं चार. सौ.नी पहिल्याच सकाळी नेहमीसारखी भांडी विसळली, तेव्हा लेकीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण मे महिन्यात टँकरची वाट पाहिलेली बाई आहे. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांपेक्षा कमी पाण्यात स्वयंपाक उरकून दाखवला. (पाण्यावरून आठवलं. आपण ज्याला डेझर्ट कूलर म्हणतो, त्याला त्या डेझर्टातले लोक स्वॉम्प कूलर, म्हणजे दलदलीचा कूलर म्हणतात. ज्याच्याकडे जे नाही त्याचं नाव!)

क्वार्ट्झसाइटच्या स्मशानात दगडी पिरॅमिडवर एक धातूचा उंट उभा आहे. अमेरिकी लष्कराने १८५६ साली वाळवंटासाठी उंट मागवले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीची ती कबर. तिथल्या लोकांच्या तोंडी त्याचं झालं 'हाय जॉली'. सातबाऱ्यावर बापाच्या नावाचं काय होतं ते पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही.

तिसरा मुक्काम कोफा अभयारण्याला. हे १९३९ साली रानमेंढ्यांसाठी राखलेलं. अभयारण्य असूनही गाडीने मुक्काम करता येतो, पण वर्षात १४ दिवस, आणि गाडी रस्त्यापासून १०० फुटांच्या आत. सौ.ना रोडगे करायचे होते. लाकूड गावातूनच विकत आणलं होतं, कारण वाळवंटात वाळकं लाकूड हेच किडामुंगीचं घर. गोवऱ्यांची सर त्या निखाऱ्यांना नाही, पण वांग्याची भाजी आणि रोडगे झाले. इतक्यात वर्दीतली एक बाई आली. आधी वाटलं विस्तवावरून बोलणार. ती अगदी नम्रपणे म्हणाली, टेकडीपलीकडे जनावरांचा पाणवठा आहे, तुम्ही जरा जवळ आहात, पाव मैल तरी लांब जा. ॲरिझोनाचा तसा कायदाच आहे. माणूस पाण्याजवळ बसला की रात्री जनावर पाण्यावर उतरत नाही. पाव मैल म्हणजे २० साखळ्या. आमचं अंतर मी अंदाजाने १४ साखळ्या धरलं होतं. आम्ही रोडगे परातीत घातले, गाडी हलवली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पेंचच्या पाणवठ्यावर मचाणावर बसलेल्या नागपूरकराला ही गोष्ट कोणी समजावून सांगायला नको होती, खरं तर.

जावईबापूंची आणखी एक जागा मी नाकारली. सपाट, वाळूची, दोन्ही बाजूंनी झाडी. तो कोरडा नाला होता. तिकडे पाऊस वीस मैलांवर पडतो आणि नाला इथे भरून येतो.

आता घरचं ऐका. गेल्या डिसेंबरात भाच्याने जुन्या व्हॅनमध्ये फळ्या ठोकून पलंग केला. आम्ही तिघं रामटेकच्या बाजूला एका तलावाकाठी गेलो. वाटलं, एक रात्र काढू, तर्री-पोहे करू. साडेपाचला एक जण सायकलवरून आला. म्हणाला, "साहेब, हे गाळपेराची जागा व्हय. गहू पेरला हाये मी." गाळपेर म्हणजे तलावाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरायचं. बरोबर होतं त्याचं, आम्ही वर सरकलो. तिथे चौकीदार म्हणाला, धरणाची जागा आहे, गाडी काढा. रस्त्यापलीकडे गेलो तर वनरक्षक म्हणाला, हे झुडपी आहे, म्हणजे कागदोपत्री झुडपी जंगल. तो गेल्यावर गावातला एक जण म्हणाला, झुडपी कसलं, ग्रामपंचायतीचं आहे, पन्नास रुपये द्या आणि राहा. पावती मागितली तर तोही गेला. चौघांपैकी तिघं खरं बोलत होते असं मी आजही मानतो. शेवटी ढाब्यामागे खाटेवर झोपलो. मालक भला माणूस होता.

सगळ्यात लागलं ते पुढचं. त्या गावची मोजणी १९९४ साली मीच केली होती. हद्दीचे दगड मी लावले, टिपण म्हणजे मोजणीचा कच्चा नकाशा मी काढला. आणि ३० वर्षांनी त्याच जमिनीवर उभं राहून, आपण बसू शकतो की नाही, हे मला सांगता आलं नाही.

आज महाभूनकाशावर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन जमीन-नकाशावर, गट नंबर दिसतो, हद्द दिसते. हे मोठं काम झालं आहे, ते मान्य करतो. पण गट शोधून पुढे सातबारा उघडला, 'सरकार' असं लिहिलेलं दिसलं, तरी पाहुण्याने काय समजायचं? रात्री राहू शकतो? चूल पेटवू शकतो? किती दिवस? याचं उत्तर कुठेच नाही. राज्याचं कॅरॅव्हॅन धोरण २०२१ साली आलं. त्यात गाड्यांची नोंदणी आहे, पार्कांच्या सोयी आहेत, गुंतवणुकीला सवलती आहेत. पार्क होऊ देत की. पण कुंपणातला पार्क आणि मोकळी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गैरसमज नको म्हणून सांगतो. झुडपी जंगल गाड्यांना मोकळं करा असं माझं म्हणणं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच आहे असा निकाल दिला. विदर्भात अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. झुडपीचे कागद ज्याने हाताळले आहेत त्याला तो निकाल किती लांबला ते माहीत आहे. तिथे गुरं चरतात, निस्तार हक्क म्हणजे गावाचे सामाईक वापराचे हक्क आहेत, गावाचं सरपण येतं. ॲरिझोना क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान आणि तिथे माणसं सुमारे पाऊण कोटीच. त्यांची १४ दिवसांची ऐट आपल्याला परवडणारी नाही. आपल्याला एक रात्र मिळाली तरी पुष्कळ.

म्हणून मागणी छोटी आहे. पर्यटन खात्याने नागपूर जिल्ह्यापुरती सुरुवात करावी. पाटबंधारे, वन, महसूल आणि ग्रामपंचायत, चौघांना एका टेबलावर बसवावं. तलावाकाठच्या, गाळपेराच्या वरच्या, जंगलाबाहेरच्या दहा जागा ठरवाव्यात आणि नकाशावर एका रंगात दाखवाव्यात. शेजारी चार ओळी: किती रात्री, पाण्यापासून किती लांब, चूल चालेल की नाही, टाकी कुठे रिकामी करायची. आणि परवाना मोबाइलवर निघावा, पैसे ग्रामपंचायतीला जावेत, पावतीसह.

यातलं कोणी ऐकून घेणार असेल तर मी पैसे न घेता बरोबर यायला तयार आहे. त्या तलावाच्या गावचं माझ्या हातचं टिपण कार्यालयात असणारच. फक्त मार्चनंतर जाऊ, तोवर त्या माणसाचा गहू निघालेला असेल.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
प्रतापनगर, नागपूर