हॉट सीटच्या व्हीआर खेळातील फसव्या दाव्यांबाबत तक्रार आणि पैसे परत मिळण्याची मागणी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी नागपूरच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाची सचिव आहे. टीव्हीवरच्या हॉट सीटच्या कार्यक्रमावरून आपण जो व्हीआर खेळ (डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळायचा) तयार केला आहे, तो आम्ही सभासदांकडून वर्गणी काढून विकत घेतला. हेडसेट एका सभासदाच्या मुलाने मंडळाला भेट दिला होता. खेळाचे आणि नंतर त्यात घेतलेल्या लाइफलाइनचे पैसे मात्र पूर्णपणे वर्गणीतले आहेत आणि बिल माझ्या नावावर आहे. आपल्या ॲपमधील चॅटवर ही तक्रार मांडली की ‘इंटरनेट तपासा, हेडसेट बंद करून पुन्हा सुरू करा’ एवढेच उत्तर येते आणि तक्रार निकाली काढल्याचा संदेश येतो. आमच्या तक्रारीचा इंटरनेटच्या वेगाशी काही संबंध नाही. म्हणून सविस्तर लिहीत आहे. कृपया माणसाने वाचावे.

हा खेळ आम्ही का घेतला, ते आधी सांगते, कारण त्याशिवाय आमचा राग आपल्याला कळणार नाही. 3 जुलै 2000 रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला तेव्हा आमच्यापैकी बहुतेक जण नोकरीत होते. रात्री नऊला घरोघरी जेवणे आटोपलेली असायची आणि पर्याय वाचून होण्याआधीच घरातले सगळे उत्तर ओरडायचे. त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे हा मराठी मुलगा पहिला करोडपती झाला. 2013 पासून हा खेळ मराठीतही आला. आणि 2019 मध्ये आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे, शाळेत मुलांना खिचडी शिजवून घालणाऱ्या बाई, एक कोटी जिंकून परतल्या. विदर्भात त्या रात्री कोणाला झोप लागली असेल असे मला वाटत नाही. आमच्या मंडळातल्या कित्येकांनी वर्षानुवर्षे नोंदणीसाठी फोन लावले, एसएमएस पाठवले. बोलावणे कोणालाच आले नाही. आता कोणाचे गुडघे, कोणाची दृष्टी. मुंबईला जाऊन निवड चाचणी देणे होणार नाही. अशा माणसांना आपली जाहिरात दिसली: ‘घरबसल्या हॉट सीटवर बसा. सर्व वयोगटांसाठी. कंट्रोलरशिवाय खेळा. जगभरातले लाईव्ह प्रेक्षक. मराठीत उपलब्ध.’ आम्ही त्यातल्या शब्दाशब्दावर विश्वास ठेवला.

चांगले आहे ते आधी मान्य करते. सभागृह फार सुंदर उभे केले आहे. मान वर केली की दिव्यांच्या रांगा दिसतात, मागे वळले की प्रेक्षकांच्या शेवटच्या ओळीपर्यंत नजर जाते. आमच्या एक सभासद निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्या पहिल्यांदा आत गेल्या तेव्हा खुर्चीचा हात चाचपडत होत्या, इतके ते खरे वाटत होते. ज्या लोकांनी हे दृश्य बनवले त्यांचे कौतुकच आहे. पण पहिलाच प्रश्न आला आणि गोष्टी बिघडायला लागल्या.

कंट्रोलरशिवाय खेळताना समोर एक ठिपका दिसतो. मान वळेल तसा तो सरकतो. ठिपका एखाद्या पर्यायावर दोन सेकंद टेकला की ते उत्तर पक्के होते. आता माणूस विचार कसा करतो ते पाहा. त्याला ज्या पर्यायाबद्दल शंका असते, त्याच्याकडेच तो बघत राहतो. मुख्याध्यापिकाबाईंनी ‘ब’ हे उत्तर नाही हे मनाशी ठरवत असताना ‘ब’ पक्के झाले आणि खेळ संपला. हेडसेट काढून त्या म्हणाल्या, ‘अहो, मी तं अजून विचारच करून राहिली होती!’ त्यांना जे उत्तर द्यायचे होते ते बरोबर होते. असे प्रत्येकाच्या बाबतीत झाले. हा अवधी वाढवण्याची सोय सेटिंगमध्ये नाही, आणि ‘नक्की का?’ असे विचारणारी पायरीही नाही. कंट्रोलर घेऊन खेळावे तर हात थरथरणाऱ्यांच्या बोटाखाली बटण नको तेव्हा दाबले जाते, म्हणून तर ‘कंट्रोलरशिवाय’ हे शब्द आम्हाला महत्त्वाचे वाटले होते.

ही बारीकसारीक त्रुटी नाही. 1998 मध्ये ब्रिटनमध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा उत्तर देण्याला वेळेचे बंधनच नव्हते. स्पर्धक मोठ्याने विचार करायचा, एकेक पर्याय खोडायचा, मत बदलायचा, आणि सूत्रसंचालक त्याला पुन्हा पुन्हा विचारायचा की हेच शेवटचे उत्तर का. भारतातल्या कार्यक्रमात पुढे घड्याळ आले, पण वरच्या मोठ्या रकमेच्या प्रश्नांना तेही थांबते. घरी बसलेल्या आमच्यासारख्यांना खरी मजा त्या थांबण्यातच येते: समोरचा माणूस चुकीच्या उत्तराकडे झुकतो आहे हे दिसत असते आणि आपण टीव्हीकडे पाहून ‘नको, नको’ म्हणत असतो. आपण दिवे उचलले, संगीत उचलले, खुर्ची उचलली आणि विचार करायला मिळणारा वेळ तेवढा काढून टाकला. मग उरलेल्या खेळाला प्रश्नमंजूषा का म्हणायचे?

यापेक्षा गंभीर गोष्ट प्रेक्षकांची आहे.

जून महिन्यात पावसाळ्याआधीचे वादळ आमच्याकडे आले की वीज जाते, हे इथे नेहमीचे. अशाच एका संध्याकाळी आमचे एक सभासद, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, खेळत होते. वीज गेली, राउटर बंद पडला. हेडसेट स्वतःच्या बॅटरीवर चालू राहिला. समोर कोपऱ्यात इंटरनेट नसल्याची खूण आली. त्यांनी तरीही ‘प्रेक्षकांचे मत’ ही लाइफलाइन घेतली, आणि ‘लाईव्ह प्रेक्षक मत देत आहेत’ अशी पाटी येऊन चारही पर्यायांचे खांब झरझर वर चढले. टाळ्यासुद्धा वाजल्या. आमच्या खोलीत अंधार, बाहेर विजा, राउटरचा एकही दिवा पेटलेला नाही, मग हे मत देणारे लाईव्ह प्रेक्षक आले कुठून? त्यानंतर आम्ही मुद्दाम राउटर बंद करून ते पुन्हा करून पाहिले आणि त्याचे चित्रीकरण केले. एकच प्रश्न वेगवेगळ्या दिवशी आला तेव्हा टक्केवारी आकड्यासकट तीच होती. म्हणजे मते आधीच भरून ठेवलेली आहेत. इतकेच नाही, वरच्या प्रश्नांना त्यातला सर्वांत उंच खांब बहुतेक वेळा चुकीच्या पर्यायावर असतो, म्हणजे ती मदत नसून सापळा आहे.

गार्डसाहेब चिडले नाहीत, त्यांना वाईट वाटले. ‘म्हणजे मी कोणाले विचारून राहिलो होतो?’ असे त्यांनी मला विचारले. त्यांच्या पत्नी गेल्यापासून ते एकटे राहतात. जगात कुठेतरी बसलेली हजारभर माणसे आपल्यासाठी बटण दाबत आहेत, या कल्पनेने ते त्या खेळात रमले होते. खऱ्या कार्यक्रमात सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या हातात बटणांचे यंत्र असते आणि तो आपल्या अकलेप्रमाणे मत देतो. ती लाइफलाइन मोलाची आहे ती केवळ त्यामुळे. आपण ‘संगणकाचा अंदाज’ असे प्रामाणिकपणे लिहिले असते तर आमची काहीही हरकत नव्हती. ‘लाईव्ह’ लिहून बनावट माणसे बसवणे ही सरळ फसवणूक आहे, आणि माझ्या दृष्टीने या पत्रातली हीच मुख्य तक्रार आहे.

लाइफलाइनच्या विक्रीबद्दलही बोलायला हवे. एक मोफत मिळते, बाकीच्या 49 रुपयांना एक अशा विकत घ्याव्या लागतात. हे जाहिरातीत कुठेही नाही. खेळाची पूर्ण किंमत भरून आत गेल्यावरच कळते. विक्रीची खिडकी नेमकी अडलेल्या प्रश्नावर, घड्याळ चालू असताना डोळ्यांसमोर येते आणि ‘ऑफर 10 सेकंदात संपेल’ असे मोजायला लागते. ऑफर संपत नाही, पुढच्या प्रश्नाला तीच परत येते. त्या खिडकीतही दोन सेकंद बघितले की खरेदी पक्की. वाचता वाचता पैसे गेले अशा खरेद्या आमच्या खात्यावर आहेत, त्यांची यादी सोबत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ॲप आणि संकेतस्थळांवरच्या फसव्या रचनांबाबत (‘डार्क पॅटर्न’) मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात तेरा प्रकार दिले आहेत, आणि खोटी घाई निर्माण करणे हा त्यातला एक आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, लाइफलाइन मोजक्याच असतात म्हणून त्या कधी वापरायच्या याला अर्थ असतो. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला हव्या तितक्या मिळणार असतील, तर बबिताताईंसारखे कोणी या खेळात कधी जिंकेल का?

प्रश्नांबद्दल. मी आयुष्यभर ग्रंथपाल म्हणून काम केले आहे, त्यामुळे चुकीचे उत्तर बरोबर म्हणून झळकलेले मला सहन होत नाही. ‘भारताची राष्ट्रभाषा कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर आपला खेळ हिंदी असे देतो. राज्यघटनेत राष्ट्रभाषा म्हणून कोणत्याही भाषेची नोंद नाही. कलम 343 प्रमाणे देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. ‘राष्ट्रीय खेळ कोणता?’ याचे उत्तर हॉकी दिले आहे. कोणताही खेळ अधिकृतपणे राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही, हे केंद्र सरकारने 2012 मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तरात सांगितले आहे. आमच्या एका सभासदाला हे माहीत होते, म्हणून तो खेळ सोडून बाहेर पडायला निघाला, आणि त्याची रक्कम बुडाली, कारण बाहेर पडण्याचे बटण सापडेपर्यंत ठिपका पर्यायावर टेकला. बाकीच्या प्रश्नांत अमेरिकेतल्या बेसबॉलचे संघ आणि तिथल्या राज्यांच्या राजधान्या भरपूर आहेत. नागपुरात बसलेल्या माणसाने दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबर 1956 ला काय झाले हे सांगावे, अशी अपेक्षा ‘भारतीय आवृत्ती’कडून ठेवणे जास्त आहे का?

मराठीचा दावा फक्त मेनूपुरता खरा आहे. प्रश्न हिंदी किंवा इंग्रजीत येतात. मेनूतही जोडाक्षरे फुटलेली आहेत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. मराठी वाचू शकणाऱ्या एका तरी माणसाला हा मेनू प्रकाशनाआधी दाखवला असता तर हे लगेच दिसले असते.

शेवटचा मुद्दा तब्येतीचा. बरोबर उत्तरानंतर आपण टीव्हीच्या क्रेनसारखा कॅमेरा वर नेऊन गरकन फिरवता. टीव्हीवर ते छान दिसते कारण आपण स्थिर बसून बाहेरून बघत असतो. हेडसेटमध्ये मात्र फिरते ती खेळणाऱ्याची स्वतःची नजर. डोळे सांगतात आपण उडतो आहोत, कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते आपण जागेवर आहोत, आणि या भांडणात मळमळते, चक्कर येते. दोन सभासदांना खेळानंतर बराच वेळ खुर्चीवरून उठता आले नाही. त्यांपैकी एक रक्तदाबाच्या रुग्ण आहेत. हा फिरता कॅमेरा बंद करण्याचा पर्याय कित्येक व्हीआर खेळांत असतो. ‘सर्व वयोगटांसाठी’ म्हणणाऱ्या आपल्या खेळात तो नाही. कोणी पडले असते तर मी त्यांच्या घरच्यांना काय सांगितले असते?

पैसे परत मागितले तेव्हा ‘खेळण्याचा वेळ ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झाला’ असे कारण मिळाले. मंडळात एकामागून एक माणसे खेळतात, मर्यादा पहिल्याच बैठकीत संपते. आणि प्रेक्षक बनावट आहेत हे कळायला वीज जावी लागली.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. खेळाची पूर्ण किंमत आणि लाइफलाइनवर गेलेली सगळी रक्कम ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात परत करावी. ‘लाईव्ह प्रेक्षक’ आणि ‘मराठीत उपलब्ध’ हे शब्द जाहिरातीतून तातडीने काढावेत. उत्तर आणि खरेदी, दोन्हींच्या आधी खात्री करून घेणारी पायरी आणावी आणि फिरता कॅमेरा बंद करता यावा. शेवटच्या दोन गोष्टी आमच्यासाठी उशिरा होतील, तरी इतरांसाठी कराव्यात.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. ते न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा या कारणांसाठी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा ठराव मंडळाच्या सभेत एकमताने झाला आहे. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही, याची माहिती आम्ही घेतली आहे. आयोगापुढे चित्रीकरण दाखवायला गार्डसाहेब स्वतः येणार आहेत.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
सचिव, ज्येष्ठ नागरिक मंडळ, नागपूर

सोबत: बिलाची प्रत, लाइफलाइन खरेदीची यादी, राउटर बंद असतानाचे चित्रीकरण, जाहिरातीचे छायाचित्र, सभेच्या ठरावाची प्रत.