सर्व्हरचे झाकण उघडल्याची खबर कोणाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमळनेर, पारोळा आणि चोपडा परिसरातील लहान कार्यालयांच्या संगणकांची देखभाल मी करतो. सर्व्हरच्या सुरक्षेचा विषय निघाला की बोलणे पासवर्ड आणि अँटिव्हायरसपाशी थांबते. यंत्राचे झाकण कोणी उघडले तर त्याची नोंद यंत्र स्वतःच ठेवते, हे मात्र ते विकत घेणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

बहुतेक सर्व्हरांत झाकणाखाली एक लहानसे बटण असते. झाकण सरकले की ते सुटते आणि मदरबोर्डवर खूण राहते. अनेक यंत्रांत ही खूण नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकते, त्यामुळे भारनियमनात वीज नसताना कोणी पेटी उघडली तरी यंत्र पुन्हा सुरू होताच ते कळते. वीज असेल तर बीएमसी नावाची स्वतंत्र चिप ही घटना वेळेसह आपल्या नोंदवहीत लिहिते आणि सेटिंग केलेले असल्यास ईमेलही पाठवते. 1998 मध्ये आलेल्या आयपीएमआय या, सर्व्हरवर देखरेख ठेवण्याच्या मानकातील ही सोय आहे. तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात असेही सहसा नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका पतसंस्थेचा सर्व्हर मंदावला म्हणून मला बोलावले. पाहतो तर रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक गायब! नोंदवहीत झाकण उघडल्याच्या बऱ्याच नोंदी होत्या, पण बीएमसीचे घड्याळ कोणी कधी लावलेलेच नसल्याने साऱ्यांवर 1970 साल होते, म्हणून पट्टी कोणत्या दिवशी गेली हे ठरवता आले नाही. समोरचा इशाऱ्याचा दिवा कोणाला दिसला नाही का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "तो दिवा ते रोजच पेटस, भाऊ." तो रोज पेटण्याचे कारण मे महिन्यातील आपले ऊन! यंत्र तापते म्हणून झाकण काढून समोर टेबलफॅन लावला होता. वास्तविक सर्व्हरमधील हवा समोरून आत येऊन मागून बाहेर जावी अशी आखणी असते आणि झाकण काढल्यावर ती विस्कटते, म्हणजे हा उपाय थंडाव्यासाठीही फारसा कामाचा नाही. झाकण सतत उघडे राहिल्याने खरी चोरी आणि नेहमीचा इशारा यांतला फरक मात्र पुसला गेला. काही ठिकाणी तर कटकट नको म्हणून हा इशारा बीआयओएसमधून, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमधून, कायमचा बंद केलेला मी पाहिला आहे.

सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवावीत आणि लॉग, म्हणजे यंत्रातील नोंदी, 180 दिवस जपावेत, असे अपेक्षित आहे. लहान संस्थांत बीएमसीचे घड्याळ या हिशेबात कोणी धरत नाही, हा माझा अनुभव.

खान्देशातील पतसंस्था, बाजार समित्या आणि शाळांच्या संचालकांना विनंती अशी, की वार्षिक देखभालीचा करार करताना झाकणाचा इशारा कोणाच्या मोबाइलवर जाईल ते नावानिशी लिहून घ्यावे. दुरुस्तीसाठी पेटी उघडणाऱ्याने आधी रजिस्टरमध्ये सही करावी आणि इशारा पुसण्याचा अधिकार त्याच्याकडे न देता दुसऱ्याकडे ठेवावा. सर्व्हरच्या खोलीला एसी परवडत नसेल, तर निदान पश्चिमेची खोली तरी त्याला देऊ नये.

आपला नम्र,
एक संगणक दुरुस्तीकार
अमळनेर, जि. जळगाव