पेंढा भरपूर, भात कुठाय? कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

महोदय,
स.न.वि.वि.

मी कळव्याला राहतो. एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या बाजूला आमची दीड एकर वडिलोपार्जित भातशेती आहे. ती चुलतभाऊ कसतो. मी लावणीला आणि कापणीला जातो आणि त्याच्या म्हणण्यानुसार कामात अडथळा आणतो.

पत्राचं निमित्त असं. मध्यंतरी ठाण्यात शेती आणि हवामानावर एक कार्यक्रम झाला. मंचावरचे एक अधिकारी म्हणाले, "हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोय म्हणून शेतकऱ्यांनी घाबरू नये. उलट त्यामुळे पिकं कमी पाण्यात जास्त येतील." टाळ्या पडल्या. मला उठून बोलायचं होतं, पण जेवणाची वेळ झाली होती आणि सभा त्या वेळेला फार शिस्तीत संपली. वाक्य साफ खोटं असतं तर मी विसरून गेलो असतो. ते अर्धं खरं आहे, म्हणून लिहितो आहे.

खरी बाजू आधी. अकरावीच्या मुलांना मी पानाच्या मागच्या बाजूला नेलपॉलिश लावायला सांगायचो. ते सुकलं की चिकटपट्टीने अलगद सोलायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. पर्णरंध्रांचा ठसा दिसतो, ओठ मिटल्या-उघडल्यासारखा. याच तोंडातून पान कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि याच तोंडातून त्याचं पाणी उडून जातं. हवेत कार्बन कमी असेल तर तोंड मोठं उघडावं लागतं, जास्त असेल तर थोडकं उघडून भागतं. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दर दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२०च्या वर गेले आहेत. उघड्या शेतात कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या नळ्यांचं कडं उभारून हे प्रमाण साडेपाचशेच्या आसपास नेलं, तेव्हा रंध्रांतून बाहेर पडणारी वाफ पानागणिक साधारण पाचव्या हिश्श्याने घटली. भात, गहू, सोयाबीन, तूर या सी-३ गटातल्या (हवेतला कार्बन पानात थेट वापरणाऱ्या) पिकांचं प्रकाशसंश्लेषणही वाढलं. इथवर त्या अधिकाऱ्यांचं बरोबर आहे.

पण पीक म्हणजे एक पान नव्हे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात सोयाबीनवर असा उघड्यावरचा प्रयोग अनेक वर्षं चालला. त्यातल्या आठ हंगामांचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बरा पाऊस असलेल्या वर्षी जादा कार्बनने उत्पन्न वाढलं. जसजसं वर्ष कोरडं, तसतसा फायदा घटत गेला, आणि कडक दुष्काळात तो शून्यावर आला. ज्या वर्षी मदतीची खरी गरज, नेमकं त्याच वर्षी मदत गायब.

असं का झालं, ते घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला चटकन कळेल. समजा सोसायटीने पाणी वाचवायला प्रत्येक फ्लॅटचा नळ बारीक केला आणि त्याच वेळी इमारतीवर चार मजले चढवले. नळागणिक बचत झाली, टाकी मात्र रिकामी ती रिकामीच. सोयाबीनचं तेच झालं. जादा कार्बन मिळाल्यावर झाडाने पानं जास्त काढली. एकेका पानाने वाचवलेलं पाणी वाढलेल्या पानांनी पिऊन टाकलं, आणि पाऊस थांबला तेव्हा जमीन शेजारच्या साध्या वाफ्याइतकीच कोरडी निघाली. त्यात कोरड्या जमिनीचा निरोप घेऊन मुळांकडून येणारं अॅब्सिसिक आम्ल अशा झाडांवर अधिक जोराने काम करतं. रंध्रं जास्तच घट्ट मिटतात, मग हवेतला जादा कार्बन दाराबाहेर ताटकळतो.

आमच्या भाताची आणखी एक अडचण आहे. पानातून वाफ बाहेर पडते तेव्हा पान थंड होतं, आपल्याला घाम येतो तसं. रंध्रं मिटली की शिवार तापतं. भात फुलतो तो सकाळी उशिरा, जेमतेम दोन-तीन तास. त्या वेळी फुलोऱ्याभोवती पारा ३५ अंशांपलीकडे गेला तर परागकोश नीट फुटत नाहीत आणि दाणा पोचट राहतो. म्हणजे पाणी वाचवायचा जो मार्ग, तोच तापायचाही. जपानमध्ये १९९८ पासून भाताच्या खाचरांत असे प्रयोग झाले. तिथे उत्पन्न वाढलं, पण ती पाण्याने भरलेली खाचरं होती. आमच्या वरकस, म्हणजे हलक्या उताराच्या जमिनीवर हळव्या (लवकर तयार होणाऱ्या) भाताला असं सुख कुठलं?

नागली (म्हणजे नाचणी) आणि वरई यांची गोष्ट वेगळी. ज्वारी-बाजरीसारखीच ही सी-४ पिकं. कार्बन पानाच्या आत साठवून वापरायची त्यांची मूळचीच रचना आहे, त्यामुळे हवेत तो वाढला म्हणून भरल्या पावसात त्यांना फारसं काही मिळत नाही. पण पावसाने ओढ दिली की वाचलेलं पाणी त्यांना थोडे दिवस जास्त तग धरू देतं. अॅरिझोनात ज्वारीवर हेच दिसलं: भरपूर पाणी दिलेल्या ज्वारीला जादा कार्बनचा उपयोग नाही, तहानलेल्या ज्वारीला थोडा आहे. आमच्या डोंगरउतारावर ठाकूर आणि कातकरी शेतकरी नागली-वरई पिढ्यान्‌पिढ्या लावत आले. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, नाचणीच्या बिस्किटांचे स्टॉल लागले. आमच्याकडचे उतार मात्र त्याही वर्षी थोडे आणखी ओसाड झाले.

त्याच २०२३ची गोष्ट सांगतो. जुलैत असा पाऊस कोसळला की शेजारच्या रायगडात इर्शाळवाडी दरडीखाली गेली. मग ऑगस्ट लागला आणि आभाळ मिटलं. १९०१ पासूनचा देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्या हळव्या भाताची लोंबी तेव्हा पोटरीतून बाहेर पडायच्या बेतात होती. बांधावरून पाहिलं तर सगळं हिरवंगार. सप्टेंबरात पुन्हा सरी आल्या आणि ते आणखी हिरवं झालं. कापणीला गेलो तेव्हा चुलतभावाने एक पेंडी उचलून माझ्या हातात दिली. कापसासारखी हलकी. म्हणाला, "मास्तर, पेंढा झालाय भरपूर. भात कुठाय?"

हे कार्बनने केलं असं मी म्हणत नाही. ते पावसाच्या खंडाने केलं. पण हवा जसजशी कार्बनने भरत जाईल तसं हे हिरवं सोंग अधिक चांगलं वठेल, आणि आपली मोजायची पद्धत त्या सोंगाला फसणारी आहे.

दुष्काळ ठरवण्यासाठी केंद्राची २०१६ची संहिता आहे. आधी पावसाची तूट आणि सलग कोरडे आठवडे, मग उपग्रहाने टिपलेला पिकांचा हिरवेपणा, जमिनीतली ओल वगैरे. २०२३च्या ऑक्टोबरअखेर राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात कोकणातला एकही नव्हता. तक्रार नाही, मराठवाड्याचे हाल आमच्याहून कितीतरी मोठे होते. पण ज्या जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे हंगामाची बेरीज नेहमीच भरते. जुलैचा पूर ऑगस्टच्या खंडावर पांघरूण घालतो. वरून उपग्रह बघतो तर पानं हिरवी. दाणा भरला की नाही, हे आकाशातून दिसत नाही.

आपल्याकडे काय नाही असं नाही. महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, ती रोजचा पाऊस नोंदवतात. लावणी कधी झाली आणि कुठल्या शिवारात हळवं, निमगरवं की गरवं (लवकर, मध्यम की उशिरा तयार होणारं) भात आहे, हे कृषी सहायकाला विचारलं तर तो तोंडपाठ सांगेल. या दोन नोंदी एका कागदावर आणा. जुलैतले बारा कोरडे दिवस आणि निसवण्याच्या (लोंबी बाहेर पडण्याच्या) वेळचे बारा कोरडे दिवस सारखे नव्हेत, हे पंचनाम्याच्या नियमात लिहा. नुकसान ठरवताना पेंडीचं नव्हे, दाण्याचं वजन घ्या.

प्रयोगांबद्दलही एक मागणी आहे. बारामतीची अजैविक ताण (दुष्काळ, उष्णता यांसारखे पिकांवरचे ताण) व्यवस्थापन संस्था २००९ पासून उभी आहे, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं कर्जत केंद्र तर आमच्या भाताचं माहेरघर. दोघांनी मिळून कोकणातल्या उघड्या खाचरात जादा कार्बनचं कडं लावावं आणि त्यात मुद्दाम पंधरा दिवसांचा खंड पाडावा. बंद पेटीत नको. बंद पेट्यांत दिसलेली वाढ उघड्या शेतात जवळपास निम्मीच भरते, हे जगभरच्या आकड्यांवरून २००६ मध्येच दिसून आलं. शिवाय पुढची वाणं निवडताना नुसती जोमदार वाढ पाहू नका. ऐन वाढीत पानांचा फाफटपसारा करणारं रोप खंडात सगळ्यात आधी फसणार आहे. आणि भाताचा पेरा कमी करून थोडी जमीन नागलीला परत मिळावी असं वाटत असेल, तर बिस्किटांपेक्षा खरेदी केंद्र जवळ हवं.

पाण्याबद्दल लिहू नये असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. तानसा, भातसा, मोडकसागर ही सगळी शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या अंगाखांद्यावर. मुंबई ते पाणी पिते, कळव्यात बसून मीही धरणाचंच पाणी पितो. आणि एप्रिल-मेमध्ये तिथल्याच पाड्यांवर टँकर जातो. भाताला फुलोऱ्यात एक संरक्षित पाणी (खंडात पीक तगवण्यापुरतं) मिळालं असतं तर २०२३चं आमचं पीक वाचलं असतं. एकच. त्याला धरण लागत नाही, बांधाच्या वरच्या अंगाला एक शेततळं आणि भाड्याचं इंजिन पुरतं. आमच्या भागातल्या मुरमाड उतारावर तळं झिरपतं म्हणून अस्तर लागतं. हिशेब अडतो तो अस्तराच्या खर्चापाशी.

सवड झाली तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात या. कसारा लोकलने आसनगावला उतरलात की किन्हवलीकडे गाडी मिळते. उद्घाटन वगैरे काही नाही. हळव्या भातात तेव्हा चीक भरत असतो. लोंबीतला एक दाणा चिमटीत दाबून बघा, दूध येतं की नुसतं टरफल वाजतं. चुलतभावाला सांगून ठेवतो.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक,
कळवा, ठाणे