रोबोला 'पेटंट मिळाले' असे छापण्याआधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गोदामातली खोकी, क्रेट किंवा अख्खी रॅक उचलून नेणाऱ्या रोबोंच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. कॉलेजचा प्रकल्प असो की बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये तयार झालेले यंत्र असो, मथळ्यात 'पेटंट मिळाले' असते आणि आत वाचले की कळते, अर्ज नुसता प्रसिद्ध झाला आहे. त्या मथळ्यावर विसंबून कुणी भागीदारी करतो, कुणी कर्ज काढतो. अर्जदारही काम संपले असे समजून निर्धास्त होतो आणि खरी तपासणी मागायची राहून जाते. म्हणून हे पत्र.

अर्ज दाखल झाल्यापासून १८ महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या शुक्रवारी निघणाऱ्या जर्नलमध्ये आपोआप छापला जातो. घाई असेल तर फॉर्म ९ भरायचा. एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला, लघुउद्योगाला किंवा शिक्षणसंस्थेला त्याचे २,५०० रुपये पडतात. मात्र छापून आलेल्या अर्जाची एक ओळही तोवर कुणी एक्झामिनरने, म्हणजे पेटंट कार्यालयाच्या तपासनिसाने, तपासलेली नसते. तपासणी मागावी लागते, फॉर्म १८ भरून; या गटांना त्याचे ४,००० रुपये पडतात. पूर्वी त्यासाठी ४८ महिने मिळत. १५ मार्च २०२४ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना ३१ महिनेच मिळतात, आणि तेही पहिल्या अर्जाच्या तारखेपासून. जुन्या हिशेबाने 'चार वर्षे आहेत' असे धरून बसलेल्याचा अर्ज ३१ महिन्यांनंतर मागे घेतला असे कायदाच मानतो. ज्यांना लवकर निकाल हवा त्यांच्यासाठी फॉर्म १८ए आहे. स्टार्टअप, लघुउद्योग आणि महिला अर्जदार यांना तो वापरता येतो, फी ८,००० रुपये. बडोद्याचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतात, पण सगळे काम ऑनलाइन चालते. सुनावणीसुद्धा व्हिडिओवर होते.

आता तपासणीत काय होते ते. एक्झामिनर क्लेम, म्हणजे अर्जदार नेमक्या कशावर हक्क सांगतो ती वाक्ये, आधी वाचतो. मग तो पेटंटांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण लावतो. गोदामातल्या साठवणुकीसाठी बी ६५ जी १/०४ आणि १/१३७, फोर्कलिफ्टसारख्या उचल-गाड्यांसाठी बी ६६ एफ ९/०६, गाडीचा मार्ग राखण्यासाठी जी ०५ डी १, आणि नुसती ऑर्डर-साठ्याची जुळवणी असेल तर जी ०६ क्यू १०/०८. या शेवटच्या वर्गात अर्ज गेला की पेटंट कायद्याच्या कलम ३(के) चा, म्हणजे 'हे नुसते गणित किंवा अल्गोरिदम आहे' असा आक्षेप आला म्हणून समजावे. या वर्गांत शोधताना त्याला आधी प्रसिद्ध झालेले जे दस्तऐवज सापडतात त्यांना तो डी १, डी २, डी ३ अशी नावे देतो आणि पहिला तपासणी अहवाल, म्हणजे एफईआर, पाठवतो.

डी १ म्हणून कोण येणार याचा अंदाज आधीच बांधता येतो. किवा सिस्टिम्सचे ६,९५०,७२२ क्रमांकाचे अमेरिकी पेटंट २००५ सालचे आहे. २०१२ मध्ये अॅमेझॉनने ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरला घेतली. बुटकी गाडी रॅकखाली जाते, रॅक उचलते, माणसाकडे आणते, ही कल्पना केव्हाच जगजाहीर झाली आहे. जाळीच्या चौकटीवर धावून वरून डबे उचलणारे नॉर्वेच्या ऑटोस्टोअरचे रोबो, रॅकवर चढणारे फ्रान्सच्या एक्झोटेकचे, उंच खांबावरून एकेक डबा काढणारे चीनच्या हाय रोबोटिक्सचे, शिवाय आपल्याकडच्या ग्रेऑरेंज आणि अॅडव्हर्बचे काम, हे सगळे छापील स्वरूपात उपलब्ध आहे. चीनमधली 'युटिलिटी मॉडेल्स' लोक विसरतात. ती तिथे सखोल तपासणीशिवाय नोंदली जातात, पण एकदा प्रसिद्ध झाली की आपल्या अर्जाविरुद्ध पुरावा म्हणून पुरेपूर चालतात, आणि पकड-यंत्रणांचे असंख्य प्रकार त्यांत पडले आहेत. पेटंटस्कोप आणि एस्पेसनेट या पेटंट-शोधाच्या संकेतस्थळांवर यंत्राने केलेला इंग्रजी अनुवाद फुकट मिळतो. भाषा अडली तर नुसत्या आकृत्या पाहाव्यात; यंत्ररचनेच्या माणसाला आकृती पुरते. अर्ज लिहिण्याआधी दोन दिवस हे केले तर पुढची दोन वर्षे वाचतात.

एवढा जुना साठा असताना नवे काही उरते का? भरपूर उरते, आणि ते आपल्याच वर्कशॉपमध्ये सापडते. ६०० × ४०० मिमीची नेहमीची क्रेट घ्या. रोबोची पकड ४ मीटर उंचीवर आहे. फरशीत चाकांमधल्या ६०० मिमी अंतरात ३ मिमीचा चढउतार असेल तर वरच्या टोकाला २० मिमीची चूक पडते. खांब एक अंश कलला तर ७० मिमीची. शेजारशेजारच्या क्रेटमध्ये पकडीचा हात शिरायला ३०-४० मिमीची फट ठेवलेली असेल, तर ती तिथेच संपली. त्यात भरलेल्या क्रेटच्या बाजू फुगतात, म्हणजे फट आणखी कमी. ब्रेक लागला की खांब हेलकावतो, आणि हेलकावा विरेपर्यंत थांबले तर प्रत्येक उचलीला सेकंद जातात. न थांबता हात घातला तर बोट क्रेटच्या कडेवर आपटते किंवा पाठीमागची क्रेट ढकलली जाते. यावर कुणी हाताच्या टोकाला निमुळता आकार देतो, कुणी फटीचा नाद सोडून क्रेटच्या पुढच्या कडेला आकडा लावून ओढतो, कुणी खांबाच्या डोक्याशी झुकाव मोजून पकडच आडवी सरकवतो. कारागिराने काढलेला हा उपाय म्हणजेच शोध, आणि नेमका तोच अर्जात नसतो.

अर्जात असते ते असे: 'चल गाडी, उचल यंत्रणा, पकड आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने डबा ओळखून उचलणारा नियंत्रक असलेला रोबो.' यातला प्रत्येक शब्द डी १ मध्ये आहे. त्याऐवजी असे लिहिता येते: 'खांबाच्या वरच्या तृतीयांश भागात बसवलेला झुकाव-सेन्सर, पकड आणि उचल-चौकट यांच्यामधली आडवी स्लाइड, आणि सरकता हात पुढे जाण्याआधी मोजलेल्या झुकावाच्या प्रमाणात ती स्लाइड उलट दिशेला हलवणारा नियंत्रक.' आता एक्झामिनरला हे तिन्ही भाग एकमेकांशी याच नात्याने जोडलेले कुठे आहेत ते शोधावे लागते. त्याखालचे क्लेम पायरीपायरीने अरुंद करत जावे: स्लाइडचा पल्ला किती, ती स्क्रूने हलते की पट्ट्याने, सेन्सर किती वेळाने वाचला जातो, वजन वाढले तर काय बदलते. दहा क्लेम आणि तीस पानांपर्यंत जास्तीची फी नाही. मूळ अर्जाची फी व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना १,६०० रुपये आहे. त्या दहांतले चार क्लेम 'वायफायने जोडलेला', 'मोबाइल अॅपवर दिसणारा' अशांवर का उधळावेत?

या पायऱ्या पहिल्याच दिवशी लिहाव्या लागतात, याचे कारण कलम ५९ आहे. एफईआर आल्यावर क्लेम आवळता येतो, पण मूळ अर्जात जे नव्हते ते नंतर घुसडता येत नाही. सहा पानी वर्णन आणि चार फोटो देऊन अर्ज ठोकला, मग एफईआर आल्यावर 'आमच्यात स्लाइडही आहे' असे सांगू लागलो, तर ते ऐकले जात नाही. आणि फोटो नकोतच. रेषांची आकृती काढावी, प्रत्येक भागाला आकडा द्यावा, तोच आकडा क्लेममध्ये कंसात द्यावा. आकृतीत शब्द लिहायचे नाहीत, फ्लोचार्टचा अपवाद.

एफईआरमधला सर्वांत कठीण आक्षेप म्हणजे 'उघडउघड सुचण्यासारखे आहे' हा. एक्झामिनर म्हणतो, डी १ ची गाडी घ्या, डी २ मधल्या रुळांवरच्या स्टॅकर क्रेनची सरकती पकड तिच्यावर बसवा, झाला तुमचा रोबो. घाईत दिलेले उत्तर असते, 'आमचा रोबो जास्त कार्यक्षम आहे.' त्याने काही होत नाही. यंत्रशास्त्राने उत्तर द्यावे: स्टॅकर क्रेनचा खांब खाली रुळावर आणि वरही मार्गदर्शक पट्टीत धरलेला असतो, म्हणून तिथे टोक हेलकावण्याचा प्रश्न एवढा तीव्र नसतो. मोकळ्या गाडीवरचा खांब वरून सुटा असतो. डी २ च्या लेखकासमोर ही अडचणच नव्हती, तर तिच्यावरचा उपाय त्यातून कसा सुचेल? सोबत मोजमाप हवे: किती उंचीवर, किती वजनाला, हेलकावा किती वेळात विरतो, स्लाइड नसताना आणि असताना. हे कोष्टक मूळ अर्जात असेल तर उत्तम. लेथवर भांडी धरण्याच्या साधनाबद्दलच्या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की वर्कशॉपमधल्या नुसत्या किरकोळ सुधारणेला पेटंट नाही. त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे असल्या मोजमापानेच ठरते.

कलम ३(एफ) चा आक्षेप याचाच भाऊ. क्यूआर वाचणारा कॅमेरा, लेझरने अंतर मोजणारा लिडार आणि लिफ्ट आपापले काम स्वतंत्रपणे करत असतील तर ती ओळखीच्या भागांची मांडणी ठरते. एकाचे वाचन दुसऱ्याची हालचाल बदलते हे दाखवावे लागते. ३(के) बद्दलही तेच. कोणता रोबो कोणती क्रेट आणेल हे ठरवणारे सूत्र गणित किंवा अल्गोरिदम म्हणून बाद होते. लोडसेल या सेन्सरने मोजलेले वजन आणि उचलीची उंची वाचून मोटरचा ब्रेकिंगचा वेग बदलणारी यंत्रणा, जिच्यामुळे हेलकावा कमी होतो, ती तांत्रिक परिणामाच्या बाजूने मांडता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणामाकडे पाहायला सांगितले आहेच.

एफईआरला उत्तर द्यायला सहा महिने मिळतात, पैसे भरून आणखी तीन. उत्तर गेले नाही तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते, आणि तिथे कुणी आठवण करायला येत नाही. ईमेल जुन्या नोकरीचा किंवा पास झालेल्या विद्यार्थ्याचा दिलेला असतो, एवढ्यावरून अर्ज मेलेले आहेत. उत्तराने समाधान झाले नाही तर सुनावणी लागते, नोटीस किमान दहा दिवसांची. सुनावणीनंतरचे लेखी म्हणणे १५ दिवसांत द्यावे लागते.

सगळ्यांत मोठे नुकसान मात्र अर्जाच्या आधीच होऊन जाते. यंत्र चालले की पहिला व्हिडिओ टाकला जातो, दुसऱ्या आठवड्यात प्रदर्शनात स्टॉल लागतो, ग्राहकाकडे चाचणी होते, कॉलेजच्या वाचनालयात प्रकल्प-अहवाल जातो. कलम ३१ ची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला आणि विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला आहे, तीही बारा महिन्यांपुरती. २०२४ पासून तिच्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो. युट्यूबच्या व्हिडिओला ती लागू नाही. मोठमोठ्या कंपन्यांनाही हे भोवले आहे. ऑटोस्टोअरने ब्रिटनच्या ओकाडोवर खटले भरले होते. २०२३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने तिची दोन पेटंटे रद्दबातल ठरवली, कारण अर्जाआधीच ती रचना रशियाच्या मध्यवर्ती बँकेला गोपनीयतेच्या बंधनाशिवाय दाखवली गेली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये ऑटोस्टोअरने ओकाडोला २० कोटी पौंड द्यायचे कबूल करून तडजोड केली. ग्राहकाला दाखवायचेच असेल तर आधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्यावी, किंवा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकावा; त्यानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. प्रोव्हिजनलमध्येही स्लाइड, सेन्सर आणि त्यांचे नाते लिहिलेले असावे. नुसत्या नावाच्या प्रोव्हिजनलची तारीख पुढे कामाला येत नाही.

ज्या शहरात १८९० साली सयाजीराव महाराजांनी तंत्रशिक्षणाचे कलाभवन उभे केले, तिथल्या शिकणाऱ्यांना हातातले काम कागदावर नेमके उतरवणे जमायलाच हवे. तंत्रशाखेच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत अहवाल वाचनालयात जाण्याआधी एक पेटंट-शोध आणि क्लेमचा एक मसुदा सक्तीचा करावा, अशी विद्यापीठाला आमची विनंती आहे.

आणि आपल्याला विनंती अशी की, रोबोच्या किंवा कुठल्याही पेटंटच्या बातमीत चार गोष्टी विचारून छापाव्यात: अर्ज क्रमांक, दाखल तारीख, फॉर्म १८ भरला का, आणि मंजुरी मिळाली असल्यास पेटंट क्रमांक. पेटंट कार्यालयाच्या 'इनपास' या शोधसेवेवर अर्ज क्रमांक टाकला की अर्ज कुठवर आला ते दिसते, एफईआरसुद्धा वाचता येतो. त्याला पाच मिनिटे लागतात. पेटंट क्रमांक नसेल तर 'अर्ज प्रसिद्ध झाला' एवढेच छापावे.

आपले,
यंत्ररचना आणि पेटंट-मसुद्याच्या कामातले काही वाचक
मकरपुरा व दांडिया बाजार, बडोदे