सूनबाईस, भांडायला शिकवल्याबद्दल

चि. सौ. सूनबाई,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहीत नाही, वरच्या मजल्यावरची सूनबाई एवढं पुरे. जिन्यातल्यांना कळेलच, आणि बाहेरच्यांना कळून करायचंय काय? इंग्रजीत भांडायला शिकवलंस म्हणून तोंडावर आभार मानायला आलो तर 'काका, काहीतरीच तुमचं' म्हणून तू आत निघून जाशील, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मी 22 वर्षं ऑफिस सांभाळतोय. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडेच. 'काइंडली डू द नीडफुल' वगैरे डोळे मिटून लिहितो. पण फोनवर पलीकडचा वाद घालायला लागला की दातखीळ बसायची. भांडण काही नवं नाही मला. मागावरच्या जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, तेलुगूत, मंडईत कानडीत, घरी मराठीत; सोलापुरात जन्मलेल्याला तीन भाषांत भांडायला शाळा लागत नाही. इंग्रजीत मात्र मला फक्त अर्ज करता यायचा.

दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतलं एक गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर म्हणालं, 'लेट्स टेबल द प्राइस फॉर नाऊ.' मला वाटलं, भाव टेबलावर मांडा म्हणतोय. मी कागद काढून सुताचा दर, रंगाई, पॅकिंग असं वाचायला सुरुवात केली. तो 'नो, नो' करतोय, तसा मी आणखी मोठ्यानं. शेवटी मालकांनीच माझा माइक बंद केला. त्या संध्याकाळी जिन्यात तुला सांगितलं तर पोट धरून हसलीस. मग समजावलंस, की 'टेबल' म्हणजे ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणं, अन् अमेरिकेत नेमकं उलटं, बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात याच एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांची चांगली जुंपली होती, असं चर्चिलनं आपल्या आठवणींत लिहिलंय, हे मला नंतर कळलं. दोघांना हवं होतं एकच. वाचून फार बरं वाटलं. चर्चिलच्या पंगतीत आपण!

पुण्यात चार वर्षं रात्रपाळीला कॉल सेंटरमध्ये तू ब्रिटनच्या लोकांच्या तक्रारी ऐकल्यास. 'काका, मी इंग्रजी पुस्तकातनं नाही शिकले, बोलणी खाऊन शिकले,' हे तुझं वाक्य. मला तसलंच इंग्रजी हवं होतं.

पहिला धडा पाण्यावरून झाला, आठवतंय? चार दिवसांनी पाणी आलेलं, तू पायरीवर बसून शेंगा फोडत होतीस. म्हणालीस, मोटर लावायची पाळी कोणाची यावर इंग्रजीत भांडा. मी म्हटलं, 'यू आर राँग.' तू शेंग तोंडात टाकलीस आणि म्हणालीस, 'ठेवला फोन त्यानं.' दुसऱ्यांदा मी 'आय वुड लाइक टू ब्रिंग टू युवर काइंड नोटीस' असं सुरू केलं. त्यावर तू, 'काका, भांडायलात का अर्ज द्यायलात?' वरच्या मजल्यावरचे सगळे कठड्याला टेकून ऐकत होते. त्यांची करमणूक महिनाभर चालली.

हळूहळू जीभ वळली. 'हँग ऑन' म्हणजे थांबा जरा. 'फेअर इनफ' म्हणजे बरं, एवढं मान्य. आणि ते म्हणून झालं की लगेच आपलं 'बट' पुढं सारायचं. 'दॅट्स अ बिट रिच' म्हणजे बघा कोण बोलतंय! 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' आलं की कानावरचा हेडफोन जरा लांब धरायचा, पुढं काय येणार हे ठरलेलं, असं तू सांगितलंस. 'आय ॲम अफ्रेड वी कान्ट ॲक्सेप्ट', म्हणजे माफ करा, मान्य नाही; पण असं लिहिणारं गिऱ्हाईक आपल्याला भितं, असं मी कैक वर्षं समजत होतो. मालकांनाही तसंच सांगायचो.

पण खरी गोम तू 'यू'ची सांगितलीस. आपण मराठीत 'तुम्ही' म्हणतो आणि त्याच्या आडून वाट्टेल ते ऐकवतो. 'साहेब, तुम्ही चुकताय' यात साहेबांचा मान शाबूत राहतो. इंग्रजीत पूर्वी तू-तुम्ही होतं. त्यांचं 'दाऊ' म्हणजे आपलं तू. ते बोलण्यातून गेलं आणि 'तुम्ही'चं 'यू' तेवढं उरलं. म्हणजे इंग्रज कुत्र्यालाही 'तुम्ही'च म्हणतो! सगळेच तुम्ही झाल्यावर मान ठेवायचा कुठं? तर वाक्याच्या तोंडाशी. 'आय मे बी राँग, बट', 'कुड वी', 'आय ॲम अफ्रेड'. ही सगळी सुटी नाणी तिथं मोजायची, मग मुद्दा. मी थेट मुद्द्यावर यायचो आणि त्यांना उर्मट वाटायचो. व्याकरणात माझी चूक नसायची गं.

दुसरी गोष्ट आपल्या 'की'ची. 'मी सांगितलं की!' यातला 'की' काढला तर सोलापूरकर मुकाच होईल. मी विचारलं, याला इंग्रजीत काय? तू जरा थांबलीस आणि म्हणालीस, 'आय डिड टेल यू.' त्या 'डिड'वर जोर. शाळेत आम्हाला डिड फक्त प्रश्नात आणि नकारात शिकवला होता.

तोच जोर गेल्या महिन्यात कामी आला. लंडनच्या गिऱ्हाइकाची तक्रार होती, की 450 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅमचा, टॉवेल 430 भरतोय, पैसे कापणार. मी आमच्याकडं ठेवलेल्या नमुन्यातून गोल कटरनं तुकडा कापला. तो 100 चौरस सेंटिमीटरचा असतो, ग्रॅममधलं वजन गुणिले 100 केलं की जीएसएम. काट्यावर 4.3 आलं. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. पूर्वी मी तिथंच हात टेकले असते. या वेळी म्हणालो, 'फेअर इनफ, इट इज फोर थर्टी. बट द कॉन्ट्रॅक्ट डझ से फाइव्ह पर्सेंट.' करारात पाच टक्के कमीजास्त चालतं असं लिहिलंय की! 450 चे पाच टक्के साडेबावीस, आपली तूट 20. तो दोन क्षण गप्प. मग 'फेअर पॉइंट' म्हणाला. मालकांनी सगळ्यांना चहा सांगितला.

एका शब्दावर मात्र आपलं अजून जमलेलं नाही. 'ॲग्री टू डिसॲग्री' तुला फार आवडतो. 1770 साली जॉन वेस्ली या धर्मोपदेशकानं तो वापरला, जॉर्ज व्हाइटफील्ड या मित्राच्या श्रद्धांजलीच्या प्रवचनात. धर्मातल्या मतांवरून दोघांचं वर्षानुवर्षं वाजलेलं. आता मित्र गेल्यावर 'राहू दे मतभेद' म्हणायला काय जातंय? आपल्याकडं भांडण मिटत नसेल तर दुसऱ्या दिवशी पुढं सुरू होतं, तेच बरं. उगीच मधेच दार लावून घ्यायचं नाही.

आमच्या जॉबरला मी सांगितलं, की घुशीला इंग्रजीत बँडिकूट म्हणतात आणि तो शब्द तुमच्या तेलुगूतल्या पंदिकोक्कूवरून गेलाय. तेव्हापासून तो मला इंग्रजीचा पंडित समजतो. त्यातला निम्मा मान तुझा, शेंगांच्या चटणीबरोबर वर पाठवतोय. चटणी तुझ्या काकूनं कुटलीय, तिखट जास्त झालंय.

आणि उद्या पाणी आहे. मोटर लावायची पाळी तुमची. आय डिड टेल यू.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा काका